टाकी बसविली; रिती कोठे करावयाची?

मलमूत्राचा विषय सभ्य लिखाणात टाळण्याची आपली रीत आहे. तथापि खासगी सोय आणि सार्वजनिक तोटा यांचे नाते इतक्या उघडपणे दाखविणारा दुसरा विषय सापडणे कठीण. लहान शिडाच्या नौकांवरील शौचकूपांबाबत अमेरिकेने आणि स्वीडनने गेल्या पन्नास वर्षांत जे धोरण आखले, ते म्हणूनच समुद्रापासून दूर राहणाऱ्या वाचकानेही समजून घेण्याजोगे आहे.

जुन्या नौकेवरील व्यवस्था अगदी साधी असे. हातपंपाने समुद्राचे पाणी भांड्यात ओढावयाचे आणि त्याच पंपाने मैला तळाजवळच्या छिद्रातून बाहेर ढकलावयाचा. मैला साठविण्याच्या टाकीला आराखड्यात बहुधा जागाच नसे. खुल्या समुद्रात याने फारसे बिघडत नाही. परंतु उन्हाळ्यात वाऱ्यापासून सुरक्षित अशा एखाद्या खाडीत अनेक नौका नांगर टाकतात, तेथेच मुले पोहतात आणि तेथेच कालवांची शेतीही असते. कालवे पाणी गाळून जगतात. पाण्यातील रोगजंतू त्यांच्या शरीरात साठतात. नौकामालकाला मैला सोडण्याचा खर्च शून्य. तोटा मात्र पोहणाऱ्याचा आणि कालवे विकणाऱ्याचा. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली खासगी व सामाजिक हिशेबातील जी तफावत दाखवून दिली, ती हीच.

अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याने ही तफावत बुजविण्याचा प्रयत्न केला. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला सोडण्यास बंदी आली आणि पक्के शौचकूप असलेल्या नौकेवर मान्यताप्राप्त प्रक्रियायंत्र किंवा साठवण टाकी आवश्यक ठरली. जुन्या नौकांना मिळाली ती केवळ मुदत. कायमची सूट नव्हे. आता जुन्या नौकेत टाकी बसविणे म्हणजे झोपण्याच्या फळीखालची जागा देणे, नव्या नळ्या ओढणे, हवेला वाट ठेवणे आणि मैला टाकीकडे किंवा समुद्राकडे वळविणारी झडप बसविणे. नळ्यांत क्षारांचे थर साचतात, जुन्या नळीतून दुर्गंधी झिरपते. आणि जुनी नौका बाळगणारा माणूस कोट्यधीशच असतो असे नाही; कित्येकदा ती स्वस्तात घेऊन स्वतःच्या हातांनी दुरुस्त करणारा मध्यमवर्गीयच असतो.

एवढा खर्च करूनही मूळ प्रश्न उरतोच. टाकी काही दिवसांत भरते. उपशाची सोय जवळ नसेल, तर झडप समुद्राकडे वळविण्याचा मोह रात्रीच्या अंधारात कोणाला होणार नाही? बंदीच्या क्षेत्रात ही झडप कुलूपबंद ठेवावी, असा नियम आहे. पण प्रत्येक झडपेवर पहारेकरी ठेवणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही.

उपसाकेंद्रे उभारण्यासाठी पाऊणपट खर्चापर्यंत मध्यवर्ती अनुदान देणारा कायदा अमेरिकेत झाला तो १९९२ साली, म्हणजे बंदीनंतर वीस वर्षांनी. त्याचा पैसा मुख्यतः मोटारबोटींच्या इंधनावरील आणि मासेमारीच्या साहित्यावरील करांतून येतो. हौशी लोकांच्या चैनीला अनुदान कशासाठी, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु बोजा बव्हंशी पाणी वापरणाऱ्यांवरच पडतो, आणि मालकाला नियम पाळणे मोडण्यापेक्षा सोपे होते. हे अनुदान वस्तुतः नौकेला नव्हे, पाण्याला आहे.

स्वीडनने १ एप्रिल २०१५ पासून आपल्या सागरी हद्दीत हौशी नौकांना शौचकूपाचा मैला सोडण्यास बंदी केली. त्याबरोबरच तो स्वीकारण्याची सोय करण्याची जबाबदारी नौकाबंदरांवर टाकली. वारसा म्हणून नोंदलेल्या ऐतिहासिक नौका तेवढ्या वगळल्या. बाल्टिक समुद्र उथळ आहे आणि त्यातील पाणी बदलण्यास काही दशके लागतात. शेतीतील खते आणि शहरांचे सांडपाणी यांच्या तुलनेत नौकांचा वाटा अल्प आहे, हे खरे. मात्र तो मोजक्या खाड्यांत, मोजक्या आठवड्यांत एकवटतो. म्हणून बंदी योग्यच ठरते. लहानांना शिस्त लावून मोठ्यांना मोकळे सोडण्याचे निमित्त मात्र तिने होऊ नये.

आपल्याकडे हाच प्रश्न घराघरांतील सेप्टिक टँकच्या रूपाने उभा आहे. शौचालय बांधले की काम संपले, असा आपला समज. भरलेल्या टाकीतील गाळ टँकरने कोठे ओतला, हे कोणी विचारीत नाही. वाईसारख्या लहान शहराने २०१८ पासून, मालकाच्या बोलावण्याची वाट न पाहता, ठरावीक मुदतीने टाक्या उपसून गाळावर प्रक्रिया करण्याचा मार्ग धरला, हे म्हणूनच मोलाचे. टाकी घाण नाहीशी करीत नाही. ती केवळ पुढे ढकलते. आधी सोय, मग बंदी आणि शेवटी दंड, हा क्रम जो समाज पाळील, त्याचेच पाणी स्वच्छ राहील.