पावकी, सवायकी आणि पंचेचाळीस सेकंद

मगरिबची नमाज आटोपून आम्ही घरी परतलो, तर ओट्यावर गल्लीतली एक मुलगी आणि तिची अम्मी बसलेल्या. मुलगी आमचीच विद्यार्थिनी. दहावीपर्यंत आमच्या हाताखाली शिकली, यंदा बी.कॉम. झाली, आणि आता एमबीए सीईटीची तयारी करते आहे. तिच्या हातात सराव परीक्षेचा कागद होता. गणिताचे ५० प्रश्न, सोडवलेले २३, त्यांतले बरोबर २१, आणि २७ कोरे.

"सर, येतं सगळं. पण वेळच पुरत नाही," ती म्हणाली.

अम्मी हळूच बोलल्या, "तिच्या अब्बांनी एक वर्ष दिलंय, सर. नाही जमलं तर आलेलं स्थळ बघायचं म्हणतात."

आम्ही कागद नीट पाहिला. एक प्रश्न असा होता: दुकानदाराने मालाची किंमत २५ टक्क्यांनी वाढवली आणि मग त्यावर २० टक्के सूट दिली, तर त्याला काय मिळाले? तिने मूळ किंमत शंभर मानली, वाढ काढली, बेरीज केली, सूट काढली, वजाबाकी केली. पाच ओळी, स्वच्छ अक्षर, उत्तर बरोबर. ते पाहून आम्हालाच शरम वाटली. या पाच ओळी तिला कोणी शिकवल्या? आम्हीच. "पायऱ्या दाखवा, पायऱ्यांना गुण आहेत," असे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यापाशी उभे राहून सांगत आलो. शाळेत ते योग्यच होते. पण या परीक्षेत पायरी तपासणारे कोणी नसते. संगणकाला फक्त उत्तर हवे असते.

आता परीक्षेचा हिशोब पाहा. राज्याच्या सीईटी कक्षाकडून होणाऱ्या या परीक्षेत अलीकडच्या वर्षांत २०० प्रश्न आणि १५० मिनिटे असतात. त्यांत गणिताचे ५०. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद आणि गणिताच्या वाट्याला साडेसदतीस मिनिटे. आमच्या मुलीने तेवढ्या वेळात २३ सोडवले, म्हणजे एका प्रश्नाला जवळजवळ शंभर सेकंद घेतले. शिवाय तिथे चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तरी तिने २७ कोरे सोडले. "येत नाही ते लिहायचं नाही, असं तुम्हीच सांगायचा ना, सर?" यावर आम्ही काय बोलणार?

तेवढ्यात मुलीचे नाना तिला न्यायला आले. सांगलीच्या मार्केट यार्डात उभा जन्म तोलाईदारी केलेला माणूस. आम्ही सहज विचारले, "नाना, अठ्ठेचाळीसची सवाई किती?" "साठ," ते चप्पल काढता काढता म्हणाले. "चौसष्टची अडीचपट?" "एकशे साठ." शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळी तोंडपाठ. हळदीच्या पोत्यांपुढे कागद-पेन्सिल काढायला वेळ कुणाला होता?

आम्ही तोच दुकानदाराचा प्रश्न त्यांना घातला. नाना म्हणाले, "सवाईनं वाढवलं, मग पाचवा भाग सोडला. होता तिथंच आला की!" पाव वाढवले म्हणजे चाराचे पाच झाले, पाचातला एक काढला, पुन्हा चार. ना नफा, ना तोटा. मुलगी आधी नानांकडे आणि मग आपल्या पाच ओळींकडे बघत राहिली.

हीच खरी किल्ली आहे. टक्के म्हणजे अपूर्णांकच. साडेबारा टक्के म्हणजे आठवा भाग, म्हणून ६४० चे साडेबारा टक्के ८० आणि साडेसदतीस टक्के त्याच्या तिप्पट, २४०. आपल्या घरांत हे परके नाही. जकातीचे अडीच टक्के म्हणजे चाळिसावा भाग. ८४,००० वर २,१०० हे आपल्या आया-बहिणी तोंडी सांगतात. वारशाच्या वाटणीत आठवा आणि सहावा हिस्सा एकत्र आले की चोवीस भाग करावे लागतात, हाही लसाविच. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मींनी जो ग्रंथ लिहिला आणि ज्याच्यावरून अल्जिब्रा हे नाव आले, त्यातही वारशाची उदाहरणे भरपूर आहेत.

मात्र घाई आणि वेग यांत फरक आहे. जाताना ताशी ४० आणि त्याच वाटेने येताना ताशी ६० किलोमीटर, तर सरासरी वेग किती? घाईने ५० म्हणाल, आणि ५० हा पर्याय तिथे मुद्दाम ठेवलेला असतो. अंतर १२० धरा: जायला तीन तास, यायला दोन, २४० भागिले पाच, उत्तर ४८.

आणि प्रत्येक परीक्षेचा कायदा वेगळा. आयआयएमच्या कॅटमध्ये बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि पर्यायांच्या प्रश्नात चुकले तर एक जातो. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर सरासरीने हाती शून्य. पण एक पर्याय नक्की चूक म्हणून बाद करता आला, तर खूण करण्यात थोडा फायदा आहे. सीईटीत मात्र एकही प्रश्न कोरा सोडू नये. माहितीपुस्तिका दरवर्षी नव्याने वाचावी, कारण नियम बदलतात.

आम्ही मुलीला तीन कामे दिली. रोज सकाळी नानांसमोर दहा मिनिटे तोंडी हिशोब. मिनिटभरात वाट दिसली नाही तर प्रश्नावर खूण करून पुढे जायचे आणि शेवटच्या दोन मिनिटांत राहिलेल्या सगळ्यांची उत्तरे भरायची. आणि चुकांची एक वही, जिच्यात उत्तर नव्हे, तर चूक का झाली ते लिहायचे.

चौथे काम आम्ही तिच्या अब्बांना दिले. ते यंत्रमागावर दोन पाळ्या करतात. आम्ही म्हणालो, "भाई, पोरीला अक्कल कमी नाही. चुकीची सवय आम्ही लावली, ती मोडायला वेळ लागेल. रोज अडीच तास मागची खोली तिला द्या. त्या वेळात चहा ठेव नाही, पाहुणे आले नाही, धाकट्याला सांभाळ नाही. परीक्षेत मध्येच कोणी हाक मारत नसतं." ते काही बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात मुलगी पुन्हा कागद घेऊन आली. सोडवलेले ३६, त्यांतले बरोबर ३०, आणि कोरा एकही नाही. अजून पुष्कळ मजल बाकी आहे. आम्ही विचारले, "आणि खोली?" ती हसली. "अब्बांनी आतून कडी बसवून दिली, सर."

वाचकहो, आपल्या घरातही असे एखादे लेकरू असेल. त्याला महागडा क्लास लावता येईल न येईल, पण एक कडी नक्कीच बसवता येईल.