विजेची मोटार आणि पेट्रोलचा डबा

विजेवर चालणारी मोटार विकत घ्यावयाची आणि वाटेत ती थांबू नये म्हणून तिच्या मागच्या कप्प्यात पेट्रोलचे छोटे जनरेटर ठेवावयाचे, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास विनोदी वाटते. पुण्या-मुंबईच्या माणसाने तिला हसावे हे स्वाभाविकच आहे. परंतु चामोर्शीत राहून ज्याला आष्टी, आलापल्ली ओलांडून भामरागडपर्यंत कामास जावे लागते, त्याला ती तितकीशी हास्यास्पद वाटणार नाही. भामरागड तेथून शंभर किलोमीटरहून दूर. चोवीस युनिटांची बॅटरी असलेली लहान मोटार प्रत्यक्ष रस्त्यावर सुमारे दीडशे किलोमीटर चालते. जाणे होते, परतणे होत नाही. जंगलाच्या पट्ट्यात चार्जिंगची सोय शोधावयाची म्हणजे कोणाच्या तरी घरचा पंधरा अँपियरचा सॉकेट शोधावयाचा, आणि त्यात त्या क्षणी वीज असेल अशी आशा बाळगावयाची.

कल्पना नवीही नाही. १९०० च्या सुमारास फर्डिनांड पोर्शे यांनी व्हिएन्नात जी मोटार बनविली, तीत पेट्रोल इंजिन जनित्र फिरवी आणि त्या विजेवर चाके फिरत. २०१३ साली बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या आय-थ्री या विद्युत मोटारीत दोन सिलिंडरांचे लहानसे इंजिन व सुमारे नऊ लिटरची टाकी बसवून हाच प्रयोग केला. पुढे बॅटऱ्या मोठ्या होताच युरोपात ती सोय काढून टाकली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा आपल्याकडील बसगाड्या लोणारी कोळशाच्या गॅसवर धावत, आणि तो गॅस करणारी भट्टी त्या पाठीवर वाहत. टंचाई आली की माणूस भट्टीसुद्धा अंगावर घेतो. प्रश्न असा की, आजची टंचाई कशाची आहे?

प्रथम हिशेब पाहावा. बाजारात मिळणारे दोन-तीन किलोवॉटचे पेट्रोल जनरेटर एका लिटरमागे दीड ते दोन युनिट वीज देते. लहान विद्युत मोटार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. चार्जिंगमधील घट वजा केली तर एका लिटरला दहा-बारा किलोमीटर हाती लागतात. साधी पेट्रोल मोटार तेवढ्याच पेट्रोलमध्ये पंधरा ते वीस किलोमीटर जाते. अडीच किलोवॉटचे जनरेटर तासाभरात जेमतेम पंधरा किलोमीटरची वीज भरते. म्हणजे भामरागडहून परतीसाठी साठ किलोमीटर कमी पडत असतील, तर चार तास झाडाखाली बसून जनरेटरचा आवाज ऐकावयाचा आणि पाच-सहा लिटर पेट्रोल जाळावयाचे. गाडी चालवीत असताना चार्ज करावी म्हटले, तर प्लग लावलेला असताना मोटार हलूच नये अशी व्यवस्था तीत केलेली असते. शिवाय जनरेटरला योग्य अर्थिंग नसेल तर बहुतेक मोटारी वीज घेण्यासच नकार देतात. आणि बंद कप्प्यात ते चालू ठेवण्याचा मोह कोणास झालाच, तर त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. त्याला वास नसतो, म्हणून तो कळतही नाही.

प्रदूषणाचा मुद्दा आणखी बोलका आहे. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. छोट्या पेट्रोल जनरेटरच्या युनिटमागे सव्वा किलोहून अधिक. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख, धूर व उन्हाळ्यातील भाजून काढणारी हवा या भागातील माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्या केंद्राहूनही मळकट वीज आपण पेट्रोलच्या डब्यातून निर्माण करावी, आणि गाडीची हिरवी नंबरप्लेट मिरवावी, हा व्यवहार कोणत्याच बाजूने टिकणारा नाही.

तरीही दोष त्या मोटारवाल्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे असले तरी न्याय्य नाही. चामोर्शी तालुक्यातील धान उत्पादक शेतकरी वर्षानुवर्षे हेच करीत आला आहे. विहिरीवर विजेची मोटार बसवावयाची, आणि वीज ऐन रोवणीत दगा देईल म्हणून शेजारी डिझेल इंजिनही ठेवावयाचे. एका पाण्यासाठी दोन यंत्रांचा खर्च! ज्याची ऐपत नाही त्याने आभाळाकडे पाहावयाचे. शहरातील इन्व्हर्टर, वस्तीतील पाण्याचा टँकर, खासगी शिकवणी ही सारी याच कुळातील. सार्वजनिक व्यवस्था जेथे माघार घेते तेथे ऐपतदार माणूस स्वतःपुरती व्यवस्था खांद्यावर घेतो, आणि मग सार्वजनिक व्यवस्थेसाठी भांडण्याची त्याची निकड संपते. जनरेटरचा खरा तोटा पेट्रोलमध्ये मोजता येत नाही, तो येथे आहे.

राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व अटल सेतूवर विद्युत मोटारींना टोलमाफीही आहे. ज्याला त्या रस्त्यांवरून जावयाचे आहे त्याचे ठीक झाले. टोलमाफीचा एक पैसाही आष्टी-आलापल्ली मार्गावरच्या प्रवाशाला लाभत नाही. त्या रस्त्याची सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी कशी चाळण केली हे मात्र तो सांगू शकतो. याच तालुक्यात कोनसरीला लोह-पोलाद उद्योग उभा राहिला आहे. त्या उद्योगाला वीज कमी पडली तर मालकाने डब्यातून पेट्रोल आणावे, असा सल्ला कोणी देणार नाही.

आणि मोटारीचा प्रश्न अखेर किती जणांचा? गडचिरोलीतील बहुसंख्य माणूस एसटीने, दुचाकीने किंवा पायी जातो. एसटी महामंडळाने ५,१५० विद्युत बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार २०२३ साली केला. २०२५ च्या मध्यापर्यंत त्यांतील अगदी थोड्या रस्त्यावर आल्या होत्या. बसच्या चार्जिंगसाठी आगारात उच्चदाबाची वीज आणावी लागते. ती एकदा आली, की त्याच आवारात खासगी मोटार, रिक्षा, दुचाकी यांनाही दर आकारून वीज देता येईल, आणि येणारा पैसा सार्वजनिक तिजोरीत पडेल. पेट्रोल पंपांच्या मालकांना चार्जिंगची परवानगी वाटत बसण्यापेक्षा हा मार्ग सरळ आहे.

पावसाळ्याचा अपवाद मान्य केला पाहिजे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि अशा वेळी तारांतील विजेवर कोणीच विसंबू नये. तेथे जनरेटर हवेच. पण ते ग्रामीण रुग्णालयात, मोठे, डिझेलचे, नीट अर्थिंग केलेले. असा संच लिटरला साडेतीन-चार युनिट देतो, म्हणजे मोटारीच्या कप्प्यातील खेळण्याच्या दुप्पट. रुग्णवाहिका, लसींचा शीतकपाट आणि अडकलेल्या प्रवाशाची मोटार या सर्वांना तो पुरू शकतो.

चामोर्शी व गडचिरोलीतील कार्यकर्त्यांनी रोवणी आटोपताच एक काम हाती घ्यावे. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, भामरागड, सिरोंचा या प्रत्येक ठिकाणी आठवडाभर वीज किती तास गेली याची नोंद गावकऱ्यांकडून वहीत करून घ्यावी, आणि ती वही घेऊन महावितरणच्या व एसटीच्या जिल्हा कार्यालयांत एकाच दिवशी जावे. मोटारवाल्यांनाही बरोबर घ्यावे.