पहिला धडा चपातीचा नको, खिचड्याचा हवा

नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्याच्या हातात आपण सर्वांत आधी लाटणे का देतो, हे मला कधीच पटलेले नाही. चपाती ही स्वयंपाकघरातली फार अवघड गोष्ट आहे. पीठ किती सैल, तवा किती तापलेला, लाटताना दाब कुठे द्यायचा, उलटायची कधी, हे सगळे हाताला कळावे लागते आणि ते कळायला वर्षे जातात. पहिल्या दहा चपात्यांचे नकाशे होतात. मुलगी असेल तर तिला "सासरी काय दिवे लावणार" हे ऐकावे लागते. मुलगा असेल तर लाटणे त्याच्याकडून काढून घेतले जाते, आणि ते पुन्हा त्याच्या हातात येत नाही.

बी.एड.ला आम्हाला पहिल्या काही तासांतच शिकवले होते: सोप्याकडून अवघडाकडे जा. मराठीच्या तासाला मी मुलांना पहिल्या दिवशी संधी-समास देत नाही. मग स्वयंपाकाच्या शाळेत आपण नेमके उलटे का करतो?

सोपे काय, असे विचाराल तर मंद आचेवर शिजणारे पदार्थ. खिचडा, निहारी, पाया, आख्ख्या मसुराची डाळ, छोले. ऐकून हसू येईल, कारण आपल्याकडे हेच पदार्थ 'मोठ्या हाताचे', सणासुदीचे, खानदानी मानले जातात. त्यांना वेळ लागतो, हे खरे. पण वेळ लागणे वेगळे आणि कसब लागणे वेगळे. वेळ पातेल्याचा जातो, आपला नाही. आणि चूक माफ करणारे पदार्थ म्हणाल तर हेच. आम्लेट अर्धा मिनिट जास्त राहिले की चामडे. निहारी अर्धा तास जास्त राहिली तर कोणाला कळतही नाही.

यामागे साधे शास्त्र आहे. नळी, मान, पाय या भागांत स्नायू जोडणारे चिवट धागे भरपूर असतात. त्यांतले कोलॅजन साधारण ७० अंशांच्या वर हळूहळू विरघळून जिलेटिन होते. ही क्रिया तासांच्या हिशोबाने चालते. म्हणून खाटकाकडचे स्वस्त, हाडाचे मांसच इथे चांगले लागते. महागडे, बिनहाडाचे मऊ तुकडे घातलेत तर ते कोरडे आणि भुसभुशीत होतील.

उर्दू शिकवते म्हणून थोडे शब्दांबद्दल. 'निहारी' हा शब्द अरबी 'नहार'वरून आला, म्हणजे दिवस. रात्रभर चुलीवर ठेवायची आणि दिवस उजाडताना खायची, म्हणून निहारी. 'दम' म्हणजे फारसीत श्वास. पण मराठीत आपण 'दम धर' म्हणतो तेव्हा बिर्याणीचाच सल्ला देत असतो. आणि 'हलीम' या शब्दाचा अर्थच सोशिक, शांत स्वभावाचा. (खिचडा आणि हलीम एकच, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. खिचड्यात बोटी हाताला लागते, हलीममध्ये गोश्त पार घोटून एकजीव होते.)

आता मूळ मुद्दा. मोहर्रममध्ये आमच्या नया नगरच्या गल्ल्यांत काय दिसते? मोठमोठ्या देगी, खाली आग, आणि रात्रभर जागून लाकडी घोट्याने खिचडा घोटणारी पोरे. अठरा-वीस वर्षांची. गहू कधी भिजवला, डाळ कधी घातली, तळाला लागतोय का, सगळे त्यांना ठाऊक असते. आशूऱ्याचा खिचडा वाटावा की नाही यावर घराघरांत मतभेद आहेत, त्यात मी आज पडत नाही. मला एवढेच दिसते की शंभर घरांचा खिचडा शिजवणारा हाच मुलगा दुसऱ्या दिवशी घरी आला की पाण्याचा ग्लास बहिणीकडून मागतो. म्हणजे मुलांना शिजवता येत नाही असे नाही. रस्त्यावरची देग मर्दानी आणि घरची हंडी बायकी, अशी आपण वाटणी करून ठेवली आहे. लग्नाच्या दावतीत बावर्ची पुरुष, हॉटेलात भटारी पुरुष. फुकटचा स्वयंपाक तेवढा बाईचा! पैगंबरसाहेब घरी असताना काय करत, असे हजरत आयेशांना विचारले गेले होते. घरच्या माणसांच्या कामात असत, असे त्यांनी सांगितल्याचे बुखारीत आहे. जुम्म्याच्या बयानात हे जरा जास्त वेळा ऐकायला मिळाले तर बरे होईल.

मीरा रोडला हा प्रश्न अधिक टोचतो, कारण इथे वेळच नाही. १९९२-९३ नंतर मुंबईच्या जुन्या वस्त्यांतून कितीतरी कुटुंबे इथे आली. चाळीतले सामाईक अंगण गेले. ईद जवळ आली की नानकटाईचे ट्रे घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजून आणायचे, ते गेले. वन-रूम-किचनमध्ये एक शेगडी, एक सिलिंडर, आणि बाई पहाटेची लोकल पकडून चर्चगेटकडे निघालेली. संध्याकाळी आठला ती मीरा रोड स्टेशनच्या पुलावरून उतरते तेव्हा तिच्या डोक्यात कुकरच्या शिट्ट्या सुरू झालेल्या असतात. घरी नवरा आणि मोठा मुलगा तासाभरापूर्वीच पोहोचलेले असतात. ते वाट बघत असतात. कशाची, ते सांगायला नको.

अशा घरात मंद आचेचा विजेचा कुकर, ज्याला बाहेर स्लो कुकर म्हणतात, उपयोगी पडू शकतो. आपल्याकडे तो परदेशी चोचला समजला जातो. त्याची जन्मकथा ऐकाल तर तो आपल्याच मोहल्ल्यातला वाटेल. अमेरिकेतल्या आयर्व्हिंग नॅक्सन या ज्यू संशोधकाला त्याचे पेटंट १९४० मध्ये मिळाले. त्याच्या आईने त्याला लिथुआनियातल्या आपल्या आईची गोष्ट सांगितली होती. शनिवारी, सब्बाथला, आग पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी गोश्त, घेवडा आणि बार्लीचे भांडे गावच्या बेकरीत नेऊन ठेवायचे. भट्टीच्या उरलेल्या उबेवर ते रात्रभर शिजायचे. त्या पदार्थाला चोलंट म्हणतात. कडधान्य, धान्य, हाडाचे गोश्त आणि रात्रभराची ऊब: खिचड्याचा हा सख्खा चुलतभाऊच. (शनिवार पाळणारे आपल्या कोकणातही होते. तेलाचा घाणा चालवणाऱ्या बेने इस्राएलांना रायगडात 'शनिवार तेली' म्हणत.) १९७० मध्ये रायव्हल नावाच्या कंपनीने नॅक्सनचा धंदा घेतला आणि पुढच्याच वर्षी तेच भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले. घराबाहेर नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरले.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले. कलकत्त्यात डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर केला: खाली कोळशाची छोटी शेगडी, वर डब्यांची चळत, आणि आपण कामाला मोकळे. पुण्याच्या 'आरती' संस्थेचा सराई कुकर त्याच जातीचा. शेतातल्या पालापाचोळ्याच्या कांडी-कोळशावर वरण, भात, भाजी एकदम. पण आपल्या घरांत जिंकला तो प्रेशर कुकर. त्याच्याशी माझे भांडण नाही. घाईच्या घरात तो हवाच. फक्त त्याच्यापाशी कोणीतरी शिट्ट्या मोजत उभे राहावे लागते, आणि ते कोणीतरी कोण, हे ठरलेले असते.

विजेच्या कुकरात आत चिनी मातीचे जाड भांडे असते आणि त्याच्या भोवती तापणारी तार. बटणावर 'लो' आणि 'हाय'. दोन्हींत पदार्थ अखेर उकळीच्या जरा खालीच पोहोचतो, फरक पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा. वीज? यंत्रावर २०० वॅट लिहिले असतील तर ८ तासांत फार तर १.६ युनिट. यंत्र घ्यायलाच हवे असेही नाही. सुट्टीच्या दिवशी जाड बुडाचे पातेले, खाली तवा, झाकणाला कणकेची कड आणि सर्वांत बारीक गॅस, एवढ्यावरही हाच पदार्थ होतो. मात्र गॅस चालू ठेवून घराबाहेर जायचे नाही.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी जो खिचडा सांगते, तो असा. रात्री १ वाटी फोडलेला गहू, पाव वाटी चणाडाळ आणि २-२ चमचे मसूर, मूग, तांदूळ भिजत घालायचे. सकाळी ३ कांदे उभे चिरून तेलात लाल करायचे आणि थोडे वरून घालायला बाजूला काढायचे. उरलेल्यात आले-लसूण, हळद, तिखट, धने, गरम मसाला आणि अर्धा किलो हाडाचे मटण घालून सात-आठ मिनिटे परतायचे. हे परतणे टाळू नका. मंद कुकरात काहीही लाल होत नाही, कच्चा मसाला तिथे कच्चाच लागतो. मग सगळे भांड्यात, वर निथळलेले धान्य, मीठ आणि ७ ते ८ वाट्या उकळते पाणी. लोवर ८ तास. संध्याकाळी घरी आधी पोहोचेल त्याने हाडे बाजूला काढून रवीने घोटायचे, वर कांदा, पुदिना, लिंबू. साडेतीन लिटरचे भांडे साधारण दोन-तृतीयांश भरते, तेवढेच भरावे.

काही गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. झाकण उघडून बघायचा मोह आवरा, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटांची ऊब निघून जाते. फ्रीझरमधले गोठलेले गोश्त तसेच टाकू नका. आतपर्यंत ऊब पोहोचायला इतका वेळ लागतो की तोवर जंतू वाढतात. मागे वीज गेली होती आणि किती वेळ ते माहीत नाही, तर ते अन्न टाकून द्या, जीव हळहळला तरी. इमारत जुनी असेल तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. दूध, दही शेवटच्या अर्ध्या तासात. मासे यात घालूच नका. उत्तनहून आलेल्या ताज्या बोंबलाला पाच मिनिटे पुरतात.

आणि राजमा. गोश्त न खाणाऱ्या शेजारणी हमखास राजम्याचे विचारतात, म्हणून ठळक सांगते: कच्चा राजमा थेट मंद कुकरात कधीही घालू नये. त्यात लेक्टिन नावाचे विषारी द्रव्य असते. ते खळखळ उकळीनेच मरते, मंद आचेवर उरते, आणि मोजके अर्धकच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटे, मी तर म्हणेन अर्धा तास, चांगला उकळा आणि मगच कुकरात घाला. छोले किंवा आख्खा मसूर यांना एवढा सोपस्कार लागत नाही.

"मग बाईच्या हाताची चव?" हा आक्षेप मला नेहमी पुरुषांकडून येतो. ज्या पोराने देगीत घोटा फिरवला त्याच्या हाताची चव सगळ्या गल्लीने बोटे चाटून घेतली. तेव्हा कोणी विचारले नव्हते.

घरात मुलगा असेल तर या क्रमाने शिकवा. आधी आख्खा मसूर, कारण त्यात बिघडण्यासारखे काही नाही. मग खिचडा. तो जमला की पाया: खाटकाकडून भाजून, साफ करून, तुकडे करून आणायचा. एकदा उकळून ते पहिले पाणी ओतून द्यायचे आणि मग मसाल्यासकट रात्री दहाला लोवर ठेवायचा. सकाळी आठला उठून भांडे त्यालाच घासायला सांगा. चिनी माती गरम असताना गार पाणी ओतले तर ती तडकते, हे मात्र आधीच सांगून ठेवा.