रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे

शेजारच्या चाचांचा रिपोर्ट आमच्याकडे वाचायला आला. पित्तनलिकेचा कॅन्सर. घरच्यांचा एकच प्रश्न, “सर, किती दिवस?”

वर्गात आम्ही शिकवतो, माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. कॅन्सरच्या पेशीत हा हिशेब बिघडतो. पित्तनलिकेतून ब्रशने काढलेल्या पेशींत ३, ७ किंवा १७ क्रमांकाची गुणसूत्रे जादा आढळली, तर डॉक्टरांचा संशय बळावतो.

पण प्रत्येक बिघाड वाईटच खबर आणतो असे नाही. यकृतातल्या पित्तनलिकांच्या कॅन्सरमध्ये काही रुग्णांच्या १० व्या गुणसूत्रावरचे ‘एफजीएफआर-२’ जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला जोडले जाते. असे रुग्ण सरासरीने इतरांपेक्षा जास्त काळ जगल्याचे दिसले आहे. त्यांच्यासाठी पेमिगॅटिनिब ही गोळी अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झाली. आजार मुळापासून जात नाही, पण चाचणीत तिघांतल्या साधारण एकाची गाठ बरीच लहान झाली.

म्हणून आम्ही चाचांच्या मुलाला सांगितले, “दिवस मोजू नकोस. तुकड्याची जनुक-तपासणी झाली का, ते डॉक्टरांना विचार.”

आणि बहिणींनो, डोळे पिवळे, अंगाला खाज, शौच पांढरट दिसले, तर काविळीची माळ घालून थांबू नका. आधी डॉक्टर गाठा.