सहा आठवडे राहायचे कुठे?

तोंडाच्या कॅन्सरचे ऑपरेशन करून रुग्ण गावी परततो तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर खाली कुठेतरी 'आर.टी.' अशी दोन अक्षरे असतात. आपण टाके बघतो, रायल्स ट्यूब बदलतो, शुगर तपासतो. त्या दोन अक्षरांचे काय झाले, हे विचारायचे मात्र राहून जाते. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू व्हायला हवेत. निम्मा वेळ जखम भरण्यात जातो. उरलेल्या निम्म्यात दात काढायचे, मास्क करायचा, प्लॅनिंग करायचे आणि नंबर लागायची वाट बघायची.

कॅन्सरच्या सुमारे निम्म्या रुग्णांना कधी ना कधी किरणोपचार लागतात. दहा लाख लोकांमागे किमान एक यंत्र, हा नेहमी सांगितला जाणारा निकष 2011 च्या जनगणनेला लावला, तरी महाराष्ट्राला शंभराहून अधिक यंत्रे हवीत. आहेत त्यांतली बरीचशी मोठ्या शहरांत एकवटली आहेत. तेव्हा यंत्रांची मागणी करायलाच हवी. पण ती नुसत्या यंत्रांची असू नये. उद्घाटनाचा फोटो छापून येतो, पुढचे कुणी विचारत नाही. फिजिसिस्ट आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर नसेल, तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी मिळत नाही आणि यंत्र झाकून पडते. भाभाट्रॉन हे आपले देशी कोबाल्ट यंत्र लिनॅकपेक्षा स्वस्त आणि सांभाळायला सोपे. पण कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणजे त्याच डोससाठी रुग्णाला दुप्पट वेळ टेबलावर झोपावे लागते आणि दिवसाकाठी होणारे रुग्ण घटतात. नव्या सोर्सची फाईल वेळेत हलली नाही, तर यंत्र चालू असूनही रांग वाढत राहते.

आणि रांगेत नंबर लागला तरी खरी अडचण पुढेच आहे. उपचार काही मिनिटांचा, पण आठवड्यातून पाच दिवस आणि असे सहा-सात आठवडे. धडगावचा किंवा एटापल्लीचा माणूस हा उपचार रोज जाऊन-येऊन घेऊच शकत नाही. महात्मा फुले योजना उपचाराचा खर्च देते. खोलीचे भाडे आणि सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी देत नाही. उपचाराचे कार्ड पाहिले की हे लख्ख दिसते. रोजच्या सह्या ओळीने चाललेल्या असतात, आणि ऐन कापूस वेचणीत मधले रकाने कोरे. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये खंडाच्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता एखाद्या टक्क्याने घटते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ब्रॅकीथेरपीसह सगळे आठ आठवड्यांत संपायला हवे. मजुरीपायी उपचारात खंड पडलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर 'डिफॉल्टर' असा शेरा मारणे मला तरी पटत नाही.

दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने परळला उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांच्या राहण्याची जी सोय केली, ती प्रत्येक केंद्राशेजारी सरकारने करावी. नव्या यंत्राच्या प्रस्तावातच राहण्या-जेवणाची सोय मंजूर झाली पाहिजे. नंतर बघू म्हटले की ती होत नाही, हा अनुभव आहे.

उपचाराचे दिवस कमी करता येतात का, हेही रेफर करताना आपण विचारावे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचऐवजी तीन आठवड्यांचा उपचार आता रुळला आहे. 2020 मध्ये आलेल्या 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीने निवडक रुग्णांसाठी तो एका आठवड्यावर आणला. निर्णय अर्थात किरणोपचारतज्ज्ञाचा. पण हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या साध्या दुखण्यावर 8 ग्रेचा एकच डोस बहुतेकांना दहा डोसांइतकाच आराम देतो. तरीही असे रुग्ण आपल्याकडे महिनोन्‌महिने डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनांवर असतात, कारण 'आता काही करण्यासारखे नाही' असे आपणच ठरवून टाकलेले असते.

आपापल्या तालुक्यातल्या ज्या रुग्णांचे किरणोपचार सुरू झाले नाहीत किंवा अर्धवट सुटले, त्यांची नावे वगळून माहिती कळवा. कॅन्सर कुठला, केंद्र किती किलोमीटरवर होते आणि उपचार कशाने अडला, एवढे पुरे. आमदारांना आणि आरोग्य खात्याला द्यायचे निवेदन आम्ही या माहितीवरच उभे करणार आहोत.