गोठ्यात कडबाकुट्टी आली, अर्थिंगचे काय?

गेल्या पावसाळ्यात माझ्या हद्दीतल्या एका गावी पंचनाम्याला गेलो होतो. दुभती गाय गेली होती. साप नाही, विषबाधा नाही. घरातून गोठ्यात ओढलेली वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती. पत्रा लोखंडी पाइपावर, गव्हाण त्याच पाइपाला, अन् गाय लोखंडी साखळीनं त्याच पाइपाला बांधलेली. मालकीण धारेची बादली घेऊन दारापर्यंत आली होती. गाय आडवी बघून थबकली म्हणून वाचली.

मालक मला विचारत होता, "साहेब, फ्यूज का नाही उडाला?" प्रश्न रास्त आहे. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, जीव वाचावा म्हणून नाही. पाच अँपिअरचा फ्यूज त्याहून जास्त वीज वाहिली तरच वितळतो, आणि आपण तर त्यात तांब्याच्या तीन-चार तारा पिळून घालतो! माणसाचा जीव घ्यायला अँपिअरचा दहावा भागही पुरतो. जनावराचं तर आणखी अवघड. पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, खुराखाली मूत-शेणानं ओली जमीन. आपल्याला नुसत्या झिणझिण्या येतील तेवढ्यात ते खाली बसतं.

म्हणून गोठ्याला दोन गोष्टी हव्यातच. एक, खरं अर्थिंग. म्हणजे सुमारे अडीच मीटर लांबीचा जस्ती पाइप जमिनीत उभा गाडून, भोवती कोळसा-मीठ घालून, तिथून तार यंत्राच्या सांगाड्याला, पत्र्याला आणि गव्हाणीला जोडायची. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायचं. काही वायरमन न्यूट्रललाच अर्थिंग म्हणून जोडून मोकळे होतात. ते करू देऊ नका. न्यूट्रल तुटला की सांगाड्यातच वीज येते. दुसरी गोष्ट, ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी. दुकानदार आरसीसीबी म्हणून देईल, तो चालतो. वीज गळू लागली की तो क्षणात बंद पडतो. किंमत सरकी पेंडीच्या एक-दोन पोत्यांएवढी. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर तोही वाचवत नाही.

घरापासून गोठ्यापर्यंतची वायर कडुनिंबाच्या फांदीवरून नको. आर्मर्ड केबल पाऊण मीटर खोल पुरा, वर विटा ठेवा. आकड्याबद्दल मी लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

आता थोडं आमच्याबद्दल. अनुदानावर कडबाकुट्टी दिली की मोका तपासणीला आम्ही काय बघतो? यंत्राचा नंबर, पावती, लाभार्थ्यासह फोटो. प्लगला तिसरी पिन आहे का, हे बघायचा रकाना मी भरलेल्या एकाही फॉर्मात नव्हता. दोन अश्वशक्तीची मोटार ओल्या गोठ्यात ठेवायची अन् अर्थिंग शेतकऱ्यानं आपलं बघून घ्यावं, हे मला पटत नाही. परवानाधारक ठेकेदाराचा दाखला जोडल्याशिवाय अनुदान सोडू नये, आणि अर्थिंगचा खर्च त्याच अनुदानात धरावा. कागद एक वाढेल, वाढू द्या.

त्या गोठ्यात आता दुसरी गाय आली आहे. केबल पुरली, अर्थिंगचा खड्डाही झाला. ईएलसीबीचं मात्र मालक "दुधाच्या पुढच्या बिलाला बघू" म्हणतो. बिल दर दहा दिवसांनी होतं. तीन बिलं झाली.