पेटीमागे ऐंशी पैसे

बचतीचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याकडे पेन्शनरांनी राखून ठेवला आहे. ज्याला पेन्शन नाही तो बिचारा बचतीच्या विवंचनेत असतो. उपदेशाला त्याला वेळ कुठला? आम्हांला मात्र वेळच वेळ. मी स्वतः पेन्शनर आहे. अनुदानित शाळेत भूगोल शिकवला, नद्यांचे उगम मुलांकडून पाठ करून घेतले, आणि त्या पुण्याईवर आता दरमहा बँकेत पैसे जमा होतात. महागाई वाढली की भत्ता वाढतो. मोबदल्यात सरकार माझ्याकडून एवढंच मागतं, की दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचा दाखला द्यावा. हे काम मी आजवर एकदाही चुकवलेलं नाही.

पावसला आम्हां चार-पाच निवृत्तांची संध्याकाळची बैठक असते. स्वामी स्वरूपानंदांचं हे गाव. स्वामी इथे अनेक वर्षं राहिले, १९७४ साली इथेच समाधिस्थ झाले. त्यामुळे निरिच्छपणाचा विषय आमच्या बैठकीत वरचेवर निघतो. विशेषतः दुसऱ्यांनी निरिच्छ कसं व्हावं, हा. मार्च ते मे या दिवसांत आमच्या डोळ्यांदेखत हापूसच्या पेट्या गाडीत चढत असतात. रात्री गाडी निघते ती वाशीच्या बाजाराकडे. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, वाटेत घाट, आणि २०११ साली रुंदीकरणाला लागलेला तो मुंबई-गोवा हायवे, ज्याच्या कृपेने कोकणातल्या ड्रायव्हराला खड्डे पाठ आणि रस्ता अनोळखी, अशी अवस्था झाली. गाडी दिसेनाशी झाली की आमच्यापैकी कुणीतरी हमखास म्हणतो, "या ड्रायव्हर लोकांना बचतीची सवयच नाही हो!"

बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही तर आकडेच मांडतात. त्यांचं गणित खोटं नसतं. पीपीएफमध्ये वर्षाच्या सुरुवातीला बारा हजार टाका, म्हणजे महिना फक्त हजार, ७.१ टक्के व्याजाने पंधरा वर्षांत सव्वातीन लाख होतात. तीस वर्षं रेटलंत तर बारा लाखांच्या वर. पैसा तुमचा, तुमच्या नावावर. तुम्ही गेलात तर बायकोमुलांचा. मालक बदला, गाव बदला, खातं तुमच्याबरोबर. पेन्शनचं तसं नाही. पेन्शन म्हणजे दुसऱ्याच्या शब्दावर टाकलेला म्हातारपणाचा भार. शब्द फिरला की संपलं. हे सगळं मला मान्य आहे. बचतीची बाजू एवढी भक्कम आहे, की ती आम्ही स्वतः कधी का घेतली नाही याचंच मला आश्चर्य वाटतं.

एकदा हा उपदेश एका पन्नाशी उलटलेल्या ड्रायव्हरला मी स्वतः करून पाहिला. तो टायरवर बुक्की मारून हवा बघत होता. शांतपणे म्हणाला, "गुरुजी, तुमची पयली तारीख येते, माझी खेप येते. खेप आली तर पैसे, नाय आली तर गाडी पुसायची नि घरी जायचं." मग थोडं थांबून म्हणाला, "गाडी मालकाची, माल बागायतदाराचा, रस्ता सरकारचा. झोप तेवढी माझी, ती पण उधारीवर."

अर्थशास्त्राचा हा धडा पाठ्यपुस्तकात नाही. बचत ही पहिल्या तारखेच्या पोटी जन्म घेते. ज्याच्या आयुष्यात पहिली तारीखच नाही, त्याच्या घरी ती येणार कुठून? आंब्याच्या दिवसांत ड्रायव्हरला झोपायला फुरसत नसते आणि आषाढात काम नसतं. बँकेच्या आपोआप हप्ता कापणाऱ्या यंत्राला मात्र आषाढ कळत नाही. ते खात्यात हात घालतं, हाताला काही लागत नाही, आणि त्याबद्दल वर दंड लावतं. गरिबाच्या रिकाम्या खिशात हात घातल्याबद्दल खिशालाच दंड!

"पण सरकारी योजना आहेत की," असं तुम्ही म्हणाल. आहेत. २०१५ ची अटल पेन्शन योजना आहे, २०१९ ची श्रमयोगी मानधन आहे. दोन्हींत शिरायचं तर वय चाळिशीच्या आत हवं. म्हातारपणाची काळजी वाटायला लागते ती चाळिशीनंतर, आणि नेमका तेव्हाच दरवाजा बंद होतो. शिवाय मानधन योजनेत साठीनंतर महिना तीन हजार. २०१९ साली अठराव्या वर्षी जो पोरगा तिच्यात शिरला, त्याला ते तीन हजार २०६१ साली मिळू लागतील. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली असं धरा, तर त्या तीन हजारांची किंमत २०१९ च्या हिशेबाने दोनशे साठ रुपये भरते. बेचाळीस वर्षं हप्ते भरून दोनशे साठ! यापेक्षा त्याने अंगणात एक हापूसचं कलम लावावं. ते निदान महागाईबरोबर वाढेल.

आता जरा आमच्या स्वतःच्या गोतावळ्याकडे वळतो. राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत आलेल्यांना जुनी पेन्शन बंद केली आणि सांगितलं, की बाबांनो, आता तुमच्या नावाचं खातं. तुम्ही भरा, आम्ही भरतो, बाजारात वाढेल तेवढं तुमचं. म्हणजे आमचे स्नेही ड्रायव्हरला जे सांगतात त्यातलंच, वर सरकारच्या वाट्याची साय. झालं काय? मार्च २०२३ मध्ये राज्यभरातले कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. "एकच मिशन, जुनी पेन्शन" या घोषणेने चौक दुमदुमले. माझा त्या संपाला मनापासून पाठिंबा होता आणि आहे. माझा प्रश्न एवढाच, की ज्यांना दर पहिल्या तारखेला पगार मिळतो, ज्यांच्या खात्यात सरकारही भर घालतं, त्यांनासुद्धा स्वतःच्या नावाच्या खात्याच्या भरवशावर म्हातारं व्हायची भीती वाटते. मग ज्याच्या खात्यात त्याच्याशिवाय कुणीच भर घालत नाही, त्याने ती भीती का वाटून घेऊ नये? पेन्शन आम्हांला हक्क, आणि त्याला लागली तर वाईट सवय?

केंद्र सरकारने तर १ एप्रिल २०२५ पासून आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एकीकृत पेन्शन योजना आणली. दहा वर्षं नोकरी झाली तरी किमान दहा हजारांची हमी. खासगी नोकरीतल्या कामगारांची पेन्शन योजना १९९५ ची. तिच्यातलं किमान पेन्शन २०१४ साली ठरलं, एक हजार. पुरे दहापट अंतर! सरकारी म्हातारा खासगी म्हाताऱ्यापेक्षा दहापट जेवतो, असा शोध कुणी लावला कोण जाणे.

बरं, ते हजारसुद्धा ड्रायव्हरच्या नशिबी कुठे? भविष्यनिर्वाह निधीची सक्ती लागते ती वीस माणसं कामाला असतील तिथे. आपल्याकडे बहुतेक ट्रकमालकांच्या पदरी पाच गाड्याही नसतात. मालकाला मी शिव्या देत नाही. त्याची गाडी कर्जाची, टायर उधार, आणि कैक वेळा तोच अर्ध्या खेपा स्वतः मारतो. दोन गाड्यांच्या मालकाकडे पेन्शन मागणं म्हणजे कोळ्याकडे समुद्राची मालकी मागणं. शिवाय त्या योजनेत पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, आणि तिची नोंद ठेवणारं कुणीतरी लागतं. आमचा ड्रायव्हर दहा वर्षांत सहा मालक बदलतो, आणि त्यातल्या चौघांकडे मस्टर म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नसतं.

गंमत अशी, की शिक्षेच्या वेळी कायद्याला ड्रायव्हर अचूक सापडतो. अपघात करून पळाल्यास दहा वर्षांपर्यंत तुरुंग, असं नव्या न्यायसंहितेचं कलम आलं, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरच्या ड्रायव्हरांनी गाड्या थांबवल्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि देशात ड्रायव्हर नावाचा प्राणी आहे हे आपल्याला कळलं. कलम तूर्त बाजूला ठेवलं गेलं, टाकी भरली, आणि आपण त्याला पुन्हा विसरलो.

अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरांनी हा प्रश्न आपल्या आधी सोडवून पाहिला. त्यांच्या टीमस्टर्स संघटनेच्या छत्राखाली १९५५ साली एक मोठा पेन्शन फंड निघाला. अनेक कंपन्या मिळून एकच फंड. ड्रायव्हरने फंडातली एक कंपनी सोडून दुसरी धरली तरी पेन्शन मागे राहत नसे. पुढे फंडाच्या चालकांनी पैसा लास वेगासच्या जुगारी अड्ड्यांना कर्जाऊ दिला, हेही खरं. १९८० नंतर सरकारी नियम सैल झाले, जुन्या कंपन्या बुडाल्या, भरणारे कमी आणि घेणारे जास्त झाले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने जवळजवळ छत्तीस अब्ज डॉलर ओतून तो फंड वाचवला. नाहीतर पेन्शनी साठ टक्क्यांच्या आसपास कापल्या जाणार होत्या. आमचे बँकवाले स्नेही ही गोष्ट ऐकून खूश झाले. "बघा, मी म्हणत नव्हतो? पेन्शन बुडतं!" मी म्हटलं, "अहो, बुडालं म्हणून तर वाचवायला आले. साडेतीन लाखांवर माणसांचा फंड बुडायला लागला की सरकार जागं होतं. एकट्या ड्रायव्हरचं पासबुक बुडालं तर फक्त त्याच्या बायकोला कळतं."

पण अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? उत्तर वाशीच्या बाजारातच उभं आहे, डोक्यावर पेटी घेऊन. माथाडी! हमालाचंही ड्रायव्हरसारखंच होतं. सकाळी या व्यापाऱ्याची गोणी, दुपारी त्याची. मालक कोण? सगळे, म्हणजे कुणीच नाही. अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली, लढे दिले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. मालक एक नाही ना, मग मंडळ नेमा. व्यापाऱ्याने हमाली मंडळात भरायची, वर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा. मालक शोधत बसण्याऐवजी कायद्याने माल धरला. माल कुठे पळून जात नाही.

म्हणजे बघा, पावसची पेटी वाशीला गाडीतून उतरवून पन्नास पावलं नेणाऱ्याला म्हातारपण आहे, आणि तीच पेटी रात्रभर डोळ्यांत तेल घालून साडेतीनशे किलोमीटर आणणाऱ्याला नाही. हमालाचं काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्याने ते भांडून मिळवलं आहे. ते पेटीपासून स्टिअरिंगपर्यंत चार पावलं पुढे न्या, एवढंच म्हणतो.

आता माझं गणित. भूगोलाच्या मास्तराचं आहे, पण बरोबर आहे. एका खेपेमागे दोनशे रुपये मालवाल्याने ड्रायव्हरच्या नावाने मंडळात भरावेत. गाडीत अडीचशे पेट्या असतील तर पेटीमागे पडतात ऐंशी पैसे. आंबा संपला की चिरा, सिमेंट, खत, काय वाहील त्याच्यावर. वर्षाला शंभर खेपा धरा, वीस हजार झाले. त्याच ७.१ टक्क्यांनी पंचवीस वर्षांत पावणेतेरा लाखांच्या पुढे जातात. त्यांचं नुसतं व्याज महिना साडेसात हजार. १९९५ च्या त्या योजनेत पंधरा हजारांच्या पगारमर्यादेवर पस्तीस वर्षं नोकरी केली तरी साडेसात हजारच पेन्शन बसतं! खातं ड्रायव्हरच्या नावाचं, म्हणजे बचतवाले खूश. रक्कम हातात एकदम न देता महिन्याच्या महिन्याला, म्हणजे पेन्शनवाले खूश. आणि खेप नसेल त्या आषाढात हप्ता नाही, दंड नाही.

हे अशक्य आहे असं कृपा करून सांगू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवरून काम देणाऱ्या कंपन्यांकडून उलाढालीचे एक ते दोन टक्के कामगारांसाठी घ्यायची तरतूद केलीच आहे. म्हणजे मालक न शोधता धंद्यावर बोजा टाकायचा, हे सरकारला पटलेलं आहे. फक्त आमच्या पावसची गाडी ॲपवर ठरत नाही, "उद्या रात्री येशील काय रे?" एवढ्या फोनवर ठरते. त्या फोनला बिल्टीचा कागद जोडा आणि त्या कागदावर ऐंशी पैशांचा रकाना छापा.

"आंबा महाग होईल," असं आमच्या बैठकीत एकाने लगेच म्हटलं. पेटीमागे ऐंशी पैसे! डझनाला किती पडतात याचा हिशेब करायला नाणंसुद्धा चलनात उरलेलं नाही. मुंबईकर हापूसच्या डझनाला शेकड्यांनी रुपये मोजतो आणि वर देवगडचा की रत्नागिरीचा यावर वाद घालतो. त्याला ही पै-पै जाणवेल असं मला वाटत नाही. तरीही कुणाला जाणवलीच, तर त्याने पेटीतला एखादा आंबा ड्रायव्हरच्या नावाने कमी खावा. वयाला तेही बरं असतं. आणि तेवढंही जमणार नसेल, तर आम्हां पेन्शनरांसकट सगळ्यांनी एक पथ्य पाळावं: ज्याला आपण म्हातारपण द्यायला तयार नाही, त्याला निदान बचतीचा उपदेश करू नये.